साफ केलेला फोटो

जळगावातल्या मेहरूणच्या प्रज्ञाचा दिवस बोटांनी सुरू व्हायचा. डोळे उघडायच्या आधीच ती गालांवरून, कपाळावरून, हनुवटीवरून बोटं फिरवायची आणि रात्रीतून नवीन किती आले ते चाचपून बघायची. आरशात बघायची हिंमतच नव्हती. कुठे ठणकलं की ती पांघरूण तोंडावर ओढून घ्यायची, कारण ठणका म्हणजे दोन दिवसांत पिकणारा, सगळ्यांना दिसणारा मुरुम.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला हे सुरू झालं. मुरुमांपेक्षा त्यांच्यावर बोलणाऱ्यांनीच पोरीला जास्त छळलं. मावशीने मसुरीच्या डाळीचा लेप सांगितला, शेजारणीने कडुलिंब, आणि एका रिक्षावाल्याने तर भाडं घेता घेता मलमाचं नावच सांगून टाकलं. पोट सुटलेल्या माणसाला भर रस्त्यात कोणी उपाय सांगत नाही. मुरुम मात्र सगळ्या गावाच्या मालकीचे.

जळगावच्या उन्हात स्कुटीवरची प्रत्येक पोरगी तोंडाला स्कार्फ गुंडाळते, नुसते डोळे दिसतात. एप्रिल-मे हे दोन महिने प्रज्ञा सुखात असायची. पावसाळा लागला की बाकीच्यांचे स्कार्फ सुटायचे, हिचा सुटायचा नाही. पदवी प्रथम श्रेणीत मिळाली आणि पोरीने काम धरलं ते डाळ मिलमध्ये, डाळ निवडायचं. तिची आई मंदाबाई तिथेच होती. भुकटी उडते म्हणून तिथल्या सगळ्या बाया नाकातोंडावर फडकं बांधतात. लोक म्हणायचे, बिचारी काय करणार, नोकऱ्या आहेत कुठे. खरं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. अशी चार वर्षं गेली.

“काबर तोंड बांधी बठनी? घरमा कोन शे?” घरी येऊनही फडकं न सोडणाऱ्या पोरीला मंदाबाई संध्याकाळी विचारायची.

“धूळ शे, माय,” एवढंच प्रज्ञाचं उत्तर असायचं.

यंदा प्रयोगशाळा सहायकाची भरती निघाली. मंदाबाई हट्टाला पेटली आणि फॉर्म भरायलाच लावला. स्टुडिओतल्या योगराजने फोटो काढला आणि न विचारता कॉम्प्युटरवर प्रज्ञाचे सगळे मुरुम पुसून टाकले. तो सगळ्यांचेच पुसतो, वर उपकार केल्यासारखा हसतो. त्या तुळतुळीत गालांकडे प्रज्ञा कितीतरी वेळ बघत राहिली. तोच फोटो तिने फॉर्मला जोडला.

परीक्षेचं केंद्र धुळ्याला आलं. पेपरला ती घाबरत नव्हती. केंद्राच्या दारात कुणीतरी स्कार्फ काढायला लावणार, या एका गोष्टीने तिची आठवडाभर झोप उडाली होती. मंदाबाई मिलमध्ये सुट्टी टाकून सोबत निघाली. पारोळ्याला एसटी थांबली तेव्हा उतरावं आणि परत जावं, असं प्रज्ञाच्या फार मनात आलं.

“माले भ्याव वाटस, माय.”

“पेपरनं?” मंदाबाईने विचारलं.

प्रज्ञाने स्कार्फची गाठ आणखी घट्ट ओढली.

कॉलेजच्या फाटकात रांग होती; मंदाबाईला रस्त्यापलीकडेच थांबावं लागलं. एक पोक्त सर हॉल तिकीट तपासत होते. “स्कार्फ काढा,” ते म्हणाले. तिच्या बोटांना गाठ सुटेना. शेवटी सुटली आणि उघड्या चेहऱ्याला हवा लागली, तेव्हा तिला भर चौकात कपडे उतरवल्यासारखं झालं. सरांनी हॉल तिकीट तिच्या गालाशेजारी धरलं. फोटोकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं, परत फोटोकडे. मग चष्मा काढून जवळून पाहिलं.

“ही तुम्ही नाही.”

मागे कुजबुज सुरू झाली. कुणीतरी ‘डमी’ म्हणालं. दुसऱ्याच्या नावावर पेपर द्यायला आलेली, असा त्याचा अर्थ. पोलीस शिपाई दोन पावलं पुढे आला. आधार कार्डावरचा फोटो नववीतला, त्यातही गाल स्वच्छ. फाटक बंद व्हायला दहा मिनिटं होती. पळून गेलं तर चोर ठरणार, थांबलं तर सगळे बघणार.

“बोला ना,” सर म्हणाले.

“तो फोटो साफ केलेला आहे, सर. माझ्या तोंडावर मुरुम आहेत.”

हा शब्द तिने इतक्या वर्षांत आईपुढेही उच्चारला नव्हता. सर हसले नाहीत. “मग तसं लिहून द्या, सही आणि अंगठा,” म्हणत त्यांनी कागद पुढे सरकवला. तिने लिहिलं, ‘फोटोत दिसत नसले तरी माझ्या चेहऱ्यावर मुरुम आहेत. ही मीच आहे.’ सरांनी मशीनवर तिचा अंगठा टेकवून ठसा आधारशी ताडून पाहिला आणि तिला आत सोडलं.

वर्गात प्रश्नपत्रिका हातात घेऊन ती तशीच बसली. आता कोण वळून बघतंय याचीच ती वाट बघत होती. इतक्यात पुढच्या बाकावरची मुलगी वळली आणि प्रज्ञाने तळहाताने गाल झाकला. त्या मुलीने मागच्या भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि ती पुन्हा लिहायला लागली. प्रज्ञाकडे तिचं लक्षही गेलं नाही.

प्रज्ञाला हायसं वाटायला हवं होतं. उलट धडकी भरली. कुणापासून लपून आपण चार वर्षं डाळ निवडली?

तिने पहिला प्रश्न वाचला. उत्तर येत होतं. चार वर्षांपूर्वीही आलं असतं.