कारखान्यात येऊन आजारी पडा

आमच्या सुपरवायझर ताईंना आम्ही 'थर्मामीटर' म्हणायचो. आजारी असल्याचा कुणी फोन केला की ताई तो स्पीकरवर टाकायच्या, आणि आम्ही चादरींच्या घड्या घालता घालता ठरवायचो, ताप खरा की खोटा. शेवटचा शब्द ताईंचा. बाई वाईट नाहीत हो, आधीच सांगते. माझ्या बाळंतपणात माझी जागा त्यांनीच भांडून राखली होती.

पण वर्ल्ड कप आला आणि आमच्या धुलाई कारखान्याची वाट लागली. हॉटेलं तुडुंब, चादरींचे ढीग, आणि माणसं मॅच बघायला पसार. सेमीफायनलला अर्धी पाळी गायब. एकाची आजी तर तिसऱ्यांदा वारली! मालकाने ताईंना आत बोलावून सुनावलं, "फायनलला मशीन थांबलं, तर आधी तुम्ही घरी."

ताई बाहेर आल्या त्या नियम घेऊनच. फायनलला हॉलमध्ये टीव्ही लागेल, आवाज बंद. पण जो येणार नाही, त्याने पुन्हा यायचंच नाही.

"आजारी पडायचंच असेल, तर कारखान्यात येऊन पडा," त्या म्हणाल्या. सगळे खो खो हसले.

फायनलच्या दिवशी पाळी सुरू होतेय तोच फोन वाजला. इस्त्रीच्या मोठ्या रोलरवरचे मामा. क्रिकेटचं एवढं वेड, की जेवतानाही हातवारे करून षटकार मारणारा माणूस.

"ताई, छातीत कळ येतेय. डावा हात जड झालाय."

"अहो मामा, पहिली विकेट पडली की उतरेल ती कळ!"

हॉल हसून लोटपोट. कुणीतरी शिट्टी मारली. मला मात्र मामांचा आवाज बरा वाटेना. मी म्हटलं, "ताई, मामा खोटं नाही बोलत." तर माझ्यावरच खेकसल्या, "माझी नोकरी गेली तर तू पोसणार आहेस मला?"

फोनवर मामांना हे सगळं ऐकू जात होतं. मग म्हणाले, "येतो."

आले. घामाने निथळत, भिंत धरत. ताई म्हणाल्या, "बघा, झाले ना बरे?" टाळ्या पडल्या, टाळ्या! लाज कशी नाही वाटली मेल्यांना? मामांनी कसनुसं हसून पहिली चादर रोलरला लावली.

टीव्हीवर विकेट पडली आणि हॉल ओरडला. वळून बघते तर मामा ट्रॉलीला टेकून जमिनीवर बसलेले, मान छातीवर. "मामा आउट!" कुणीतरी किंचाळलं, आणि पुन्हा हशा. ताई हसतच त्यांना उठवायला गेल्या. गालाला हात लावला मात्र, बाईंचा चेहरा पांढराफटक. "मशीन बंद करा! अरे गाडी बोलवा कुणीतरी!"

मामा वाचले. कसे वाचले ते देव जाणे. दुसऱ्या दिवशी मी ताईंबरोबर हॉस्पिटलात गेले. मामी दारातच उभ्या. "कालच म्हणत होते मी, दवाखान्यात चला. तर फोन ठेवून म्हणे, आधी हजेरी लावून येतो." ताईंनी मान वर केली नाही.

आत आम्हाला बघताच मामा धडपडून उठायला लागले. नर्सने खांदे दाबून धरले, तरी एका हाताने तोंडावरचा मास्क बाजूला केलाच.

"ताई, मी आलो होतो. सगळ्यांनी पाहिलंय. खाडा लावू नका."