फ्रिजवरच्या निळ्या बाहुल्या

कागदाच्या घडीचं मला कौतुक नाही. घडी हे काम आहे. पुण्यात कॉलेजला होते तेव्हा मोर्चाच्या आदल्या दिवशी आम्ही फरशीवर बसून पत्रकांचे गठ्ठे संपवायचो. कागद तीन भागांत दुमडायचा, मथळा वर आला पाहिजे, अंगठ्यानं दाबायचं, पुढचा घ्यायचा. लंडनला आल्यावर कागद बदलला, काम तेच राहिलं. आठवड्यातून दोनदा क्रॉयडनला ऑफिस, बाकी घरून सॉफ्टवेअर टेस्टिंग, आणि शनिवारी भाडेकरूंच्या हक्कांची पत्रकं घेऊन दारोदार. ओल आलेल्या भिंतीचा फोटो, त्याखाली घरमालकाला विचारायचे प्रश्न, आणि कागद निळा. निळाच का, हे आमच्या लोकांना सांगावं लागत नाही.

ही पत्रकं मी एकटी दुमडत नव्हते. शुक्रवारी संध्याकाळी स्टॅनमोरच्या घरात, किचनच्या टेबलावर, समोर मावशी असायच्या. मावशी माझ्या नात्यातल्या नाहीत. मूळ नागपूरच्या, इथल्या हॉस्पिटलात आयुष्यभर नर्स होत्या, आता रिटायर्ड. काका गेले, मुलगा मेलबर्नला असतो. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात ओळख झाली, त्यांची वरची खोली रिकामी होती, मी बॅग घेऊन आले आणि राहिले. शुक्रवारी त्या चहा ठेवायच्या, चष्मा लावायच्या आणि दुमडण्याआधी पत्रक वाचून काढायच्या.

"एवढं चिडून लिहितेस," त्या म्हणायच्या, "वाचणारा घाबरून जाते न."

मी म्हणायचे, घाबरलाच पाहिजे. मग त्या हसायच्या आणि दुमडायला लागायच्या. त्यांची बोटं संधिवातानं आखडलेली, त्यामुळे त्यांची घडी तिरकी यायची. ती तिरकी घडी मी सरळ करत नसे. दारात कुणी तिरकं पत्रक हातात घेतलं की मला बरं वाटायचं.

हे एवढं सांगितलं, कारण फेब्रुवारीत ते बंद पडलं.

आमच्या भागातल्या कम्युनिटी हॉलमध्ये दर बुधवारी सिनियर मंडळींचा क्लब भरतो. गुजराती काका, आयरिश आजी, श्रीलंकेचे एक मास्तर, आणि मावशी. बिंगो, चहा, कधी खुर्चीवर बसून व्यायाम. तिथे एक जपानी टीचर यायला लागली. तिच्या देशात मार्चच्या तीन तारखेला मुलींसाठी बाहुल्यांचा सण असतो, त्याची सजावट ती म्हाताऱ्या माणसांकडून कागदाची करून घेणार होती. ओरिगामी. मावशी पहिल्या दिवशी घरी आल्या त्या हातात एक गुलाबी फूल घेऊन. पीचचं आहे म्हणाल्या. मला ते चुरगळलेल्या तिकिटासारखं दिसलं. तसं मी म्हटलंही.

त्या शुक्रवारी मी गठ्ठा टेबलावर ठेवला. मावशींनी तो हळूच बाजूला सरकवला आणि एक चौकोनी कागद काढला. टीचरनं सांगितलंय म्हणाल्या, रोज थोडं करायचं, बोटं मोकळी होतात. बोटांचे व्यायाम करा म्हणून मी हिवाळाभर त्यांच्या मागे लागले होते. रबरी चेंडू आणून दिला होता. तो फळांच्या टोपलीत मोसंब्यांबरोबर पडला होता.

सरळ सांगते, मला हेवा वाटला. आमच्या चळवळीत भावनेला विश्लेषणाचे कपडे घालायची सवय असते. मीही घातले. ही संस्कृतीची विक्री आहे, म्हाताऱ्यांना गुंतवून ठेवायचा स्वस्त उपाय आहे, असं बरंच मनात लिहून ठेवलं. पण खाली मुद्दा एकच होता. या देशात माझी वाट बघणारं एकच माणूस होतं आणि ते आता बुधवारची वाट बघत होतं.

एका बुधवारी मी लंच ब्रेकला हॉलवर गेले. मावशींची छत्री घरी राहिली होती, ती द्यायला. पाऊस नव्हता.

ती टीचर माझ्याच वयाची निघाली. मला ती पन्नाशीची असती तर चाललं असतं. केस आखूड, आवाज इतका हळू की ऐकण्यासाठी सगळे पुढे वाकून बसलेले. तिनं मोठमोठे कागद आणले होते, म्हाताऱ्या बोटांना लहान कागद सापडत नाही म्हणून. ज्यांना घडी नखानं दाबवत नव्हती त्यांना तिनं चमचे दिले होते. चमच्याच्या पाठीनं घडी पक्की करायची. मावशी चमचा फिरवत होत्या आणि त्यांची घडी सरळ येत होती. अगदी सरळ.

भिंतीपाशी पायऱ्या रचल्या होत्या, खोक्यांवर लाल कापड टाकून. टीचर सांगत होती, सर्वांत वर राजा-राणी बसतात, खालच्या पायरीवर दासी, त्याखाली वाजवणारे, मग मंत्री, आणि त्याच्याही खाली नोकर. मी छत्री हातात धरून उभी होते आणि माझं डोकं तापत गेलं. मी इंग्रजीत विचारलं, सगळ्यांसमोर, की ही उतरंड तुम्हाला खटकत नाही का. वरचा वर, तळाचा तळाला, आणि आपण ती फुलांनी सजवायची. आमच्या लोकांनी अशीच एक उतरंड फोडायला आयुष्यं घातली आहेत, असंही म्हणाले. गुजराती काकांनी चहाचा कप खाली ठेवला.

टीचर रागावली नाही. ती म्हणाली, बरोबर आहे, लहान असताना मीही आजीला हेच विचारलं होतं. मग तिनं तळाचे तीन नोकर दाखवले. सगळ्या मांडणीत राजा-राणीचे चेहरे सारखेच शांत असतात, पण हे तिघे वेगवेगळे. एक रडतो, एक हसतो, एक रागावलेला असतो. तिच्या घरची सगळी मुलं याच तिघांशी खेळायची.

मावशींनी त्यांच्यापुढचा अर्धवट झालेला कागदी नोकर उचलला, पेनानं त्याच्या भुवया वर ओढल्या आणि मला मराठीत म्हणाल्या, "हा रागावलेला बघ. आमच्या घरी वरच्या खोलीत राहते."

मग त्यांनी तेच टीचरला इंग्रजीत सांगितलं. सगळे हसले, टीचरही हसली, तोंडावर हात ठेवून. मी छत्री टेबलावर ठेवली आणि निघाले. प्रश्न मी योग्यच विचारला होता, हे आजही माझं मत आहे. पण मी 'आमच्या लोकांनी' म्हटल्यावर तिथे असलेल्या आमच्यातल्या एकमेव बाईनं माझ्याकडे न बघता टीचरकडे बघून हसावं, हे मला सहन झालं नाही.

पुढच्या मंगळवारी घरात सांबारवडीचा वास आला. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तिचं सारण पोळीत गुंडाळून तळायचं, मोठा खटाटोप असतो. डिसेंबरपासून मी मागत होते आणि बोटं दुखतात म्हणून होत नव्हती. मी खाली धावत आले तर वड्या डब्यात भरून झाल्या होत्या. माझ्यासाठी बशीत काढून ठेवल्या होत्या, नाही असं नाही. डबा टीचरचा होता.

"तिनं कधी खाल्ली नाही न," मावशी म्हणाल्या. "बोटं सुटली तिच्यामुळे, तर पहिल्या वड्या तिला."

मी म्हटलं की मी क्रॉयडनला खोली बघतेय, ऑफिस जवळ पडेल. हे खरं नव्हतं. त्या क्षणापर्यंत नव्हतं. मावशींनी डब्याचं झाकण लावलं आणि बरं म्हणाल्या. त्यानंतर मी खरोखरच ॲपवर खोल्या बघायला लागले, कारण बोललेलं मागे घ्यायची मला सवय नाही.

त्याच आठवड्यात फ्रिजवर दोन बाहुल्या आल्या. राजा आणि राणी, निळ्या कागदाच्या. जवळ जाऊन बघितलं तर राणीच्या बाहीवर माझंच वाक्य होतं, ओल ही तुमची चूक नाही. माझी उरलेली पत्रकं मावशींनी चौकोनी कापली होती. हे लोकांपर्यंत जायला छापलं होतं, फ्रिजवर बसायला नाही, असं मी सुनावलं. त्या म्हणाल्या, येता-जाता मी वाचते, मी लोक नाही का.

तीन मार्चला हॉलमध्ये सण झाला. मी गेले नाही. मावशींनी घरी येऊन सगळं सांगितलं आणि मी लॅपटॉपवर डोळे ठेवून सगळं ऐकलं. या सणाची एक रीत आहे. सणाचा दिवस संपला की बाहुल्या लगेच आवरून ठेवायच्या. मांडून ठेवल्या तर घरातल्या मुलीचं लग्न लांबतं. टीचरनं हे हसत सांगितलं होतं. तिचं लग्न झालेलं नाही, तिची आई दरवर्षी बाहुल्या वेळेवर आवरते आणि मग फोनवर उसासे टाकते. हे ऐकल्यावर मावशींनी चहासुद्धा घेतला नाही. पायऱ्यांवरची सगळी मंडळी, तळाच्या तीन नोकरांसकट, टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून खोक्यात घातली. पोरीचं राहायला नको म्हणाल्या.

मी एक भाषणच ठोकलं. मुलीच्या लग्नाची टांगती तलवार जपानमध्येही आहे हे कळून आनंद झाला, म्हटलं. तुम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या, तुम्ही कागद आवरून कुणाची लग्नं जमवता. मावशींनी पूर्ण ऐकून घेतलं. मग त्या झोपायला गेल्या.

फ्रिजवरच्या बाहुल्या तशाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी होत्या. आठवडा उलटला तरी होत्या. दूध काढताना मला रोज दिसायच्या. आणि इथे माझी सगळी पत्रकं हरली. त्या रीतीवर माझा काडीचा विश्वास नाही, लग्नाची मला घाई नाही, आईनं फोनवर विषय काढला तर मी फोन ठेवते. तरी मला लागलं. तिच्यासाठी चहा सोडून बाहुल्या आवरल्या. माझ्यासाठी हात वर करून दोन कागद उचलावेसे वाटले नाहीत. घरातली मुलगी म्हणून मी मोजलीच गेले नव्हते. भाडेकरू. ज्यांच्यासाठी मी दारोदार फिरते, त्यांच्यातलीच एक.

शुक्रवारी मी गठ्ठा घेऊन टेबलाशी बसले आणि विचारलं. आवाज चढू दिला नाही. हॉलमधल्या आवरल्यात, मग या का नाही, असं.

मावशी कणीक मळत होत्या. बोटं छान चालत होती.

"मुद्दामच ठेवल्या," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"विश्वास नाही माझा. तुझ्याहून जुनी बौद्ध आहे मी." त्यांनी कणकेवर फडकं टाकलं. "पण तू म्हणालीस, क्रॉयडनला जाते. लग्न झालं तरी जाशील. म्हटलं राहू द्याव्यात वर. लांबलं तर लांबलं. ठेवल्यानं काय जाते?"

माझ्याकडे यावर उत्तर तयार असतं. मुलीला घरात धरून ठेवणं आणि मुलीला घालवणं या एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू आहेत, यावर मी दोन पानं लिहू शकते. मी गठ्ठ्याची दोरी सोडली. मावशींनी हात धुतले, चष्मा लावला आणि गठ्ठ्यातलं वरचं पत्रक उचललं. वाचलं. दुमडलं आणि चमच्यानं दाबलं. घडी सरळ आली, आणि खरं सांगायचं तर मला त्यांची तिरकी घडी आठवली.

परवा टीचर चहाला आली होती. फ्रिजकडे बघून तिनं डोळे मोठे केले, अजून बाहेर आहेत म्हणाली, आणि मदत म्हणून टाचा उंचावून हातही वर नेला. मी खुर्चीतून उठले आणि मध्ये उभी राहिले.

"त्या राहू देत," मी म्हटलं. "त्या आमच्या घरच्या आहेत."