हवालदारकाकांची चाळीस काडतुसं

दारात कुणी आलं की हवालदारकाकांचा डावा हात वर जायचा. मान खालीच. 'थांबा' म्हणायचीही तसदी नाही. क्लबचा मॅनेजर असो, चहावाला असो, नाहीतर खुद्द अरबाब, म्हणजे आमचे मालक असोत; हात वर गेला की दारातच उभं राहायचं.

आखातातल्या रास अल खैमाच्या त्या शूटिंग क्लबात मी ऑफिस सांभाळते. काका मागच्या खोलीत असत. मूळचे साताऱ्याकडचे, फौजेत हत्यारं दुरुस्त करण्यात उभी हयात गेलेली. अरबाबांच्या आजोबांची इंग्रजांच्या काळातली एक रायफल होती. तिची काडतुसं आता कुठं मिळत नाहीत, म्हणून काका ती हातानं भरत. वापरलेली पितळी पुंगळी साफ करायची, दारू तोलून आत घालायची, वर गोळी बसवायची. परवाना, कुलुपं, सह्या, सगळं रीतसर.

"म्हातारी आहे हो ती," रायफलीबद्दल म्हणायचे, "तिला सोसेल तेवढीच घालायची." पण दारू थोडी, त्यामुळे चुकून दोनदा पडली तरी पुंगळीत मावते. गोळी बसली की बाहेरून ब्रह्मदेवालाही कळत नाही. मग रायफल फुटते, तीही चालवणाऱ्याच्या तोंडावर. म्हणून तो हात.

मी मेली बडबडी! क्लबात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे डबा खाताना मी त्यांचं डोकं खायची. ते नुसतं "बरं बरं" म्हणत. माझी लेक यायची ती इंग्रजीत सुरू व्हायची. तिलाही "बरं बरं". एकदा तिनं विचारलं, "अंकल, डू यू अंडरस्टँड मी?" काका गंभीरपणे म्हणाले, "बरं बरं." हसून हसून माझ्या पोटात दुखलं.

लेकीला मेडिकलला अ‍ॅडमिशन मिळाल्याचा फोन आला त्या दुपारी मी धावतच सुटले. काकांचा हात वर गेलाच होता, पण मी कसली थांबतेय! "काका, झालं! डॉक्टर होणार माझी लेक!"

काकांनी मान वर केली. चष्मा काढला. "अरे वा, ताई! पेढे कुठायत?" म्हणाले आणि डोळे पुसले. माझेही भरून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अरबाब रायफल चालवणार होते. चाळीस काडतुसं तयार होती. संध्याकाळी मी घरी निघाले तर काका तसेच बसलेले. "ताई, तुम्ही आलात तेव्हा मी कितव्या पुंगळीवर होतो, आठवेना." मग त्यांनी एकेक काडतूस उघडून दारू पुन्हा तोलायला घेतली. एकतिसाव्यात दुप्पट निघाली.

तेवढं एक गुपचूप दुरुस्त केलं असतं तर कुणाला कळणार होतं, तुम्हीच सांगा! पण सकाळी काका स्वतः अरबाबांपुढे उभे राहिले.

"साहब, एक में डबल गिरा. मेरे हाथ से."

"किसी ने डिस्टर्ब किया, हवालदार?"

मी फाइल घेऊन तिथंच उभी होते.

"नहीं साहब. उमर हो गयी."

नोकरी जाईल, व्हिसा जाईल, लेकीचं कॉलेज राहील, या भीतीनं तोंडच उघडेना. आजही मला त्याची लाज वाटते. अरबाब चिडले नाहीत. काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "खलास, हवालदार. अब घर जाके आराम करो." काकांनी मान डोलावली.

काका कायमचे गावी निघाले तेव्हा एअरपोर्टवर सोडायला मी गेले. शेवटी मला राहवलं नाही. "काका, चूक माझी होती. माझं नाव का नाही घेतलंत?"

ते ट्रॉलीवरची बॅग उगाच सारखी करत राहिले.

"ताई, इतकी वर्षं काढली इथं," ते म्हणाले. "आनंदाची बातमी घेऊन माझ्याकडं धावत आलेल्या तुम्ही एकट्याच."