गुरुजींसाठी बनवलेलं लिनक्स

एकत्र काम करणाऱ्यांकडे किस्से आपोआप साठत जातात. हसण्यासारखे आपण चारचौघांत सांगतो, बाकीचे आपल्यापाशीच राहतात. आमगावला मी आणि मेश्राम मिळून कॉम्प्युटर क्लास चालवायचो, तेव्हाचे माझ्याकडे दोन्ही प्रकारचे आहेत.

२०१४-१५ची गोष्ट. सालेकसा तालुक्यातले रिटायर्ड मास्तर, टेंभरे गुरुजी, क्लासवर आले. त्यांच्या मोठ्या बहिणीला, द्रौपदाबाईंना, धानाच्या रोवणीची, म्हणजे भातलावणीची, जुनी गाणी पाठ होती. "तिच्यामागं कोणालेच येत नाही," गुरुजी म्हणाले. "जपून ठेवाची आहेत."

"मोबाईलवर रेकॉर्ड करा," एवढं सांगितलं असतं तरी काम झालं असतं. पण मला तेव्हा लिनक्सचा, म्हणजे हवी तशी घडवता येणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमचा, नाद लागला होता. तळहातावर मावेल असा एका बोर्डाचा कॉम्प्युटर मी नुकताच मागवला होता. म्हटलं, गुरुजींसाठी खास सिस्टीम बनवू. सगळं मराठीत, आणि स्क्रीनवर रेकॉर्डिंगचं एकच मोठं बटन.

* * *

अशी सिस्टीम म्हणजे एक मोठी फाईल. तिला इमेज म्हणतात. कॉम्प्युटरवर ती तयार करायची आणि मेमरी कार्डावर उतरवायची. आमच्या जुन्या पीसीला एकेका इमेजला अख्खा दिवस लागायचा, आणि मधेच लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

चौथ्या दिवशी मेश्राम म्हणाला, "सर, तुम्ही लिनक्स बनवून राहिले का धान पिकवून राहिले?"

* * *

पहिली इमेज चालू झाली तेव्हा गुरुजींना मुद्दाम बोलावलं. स्क्रीन उजळली आणि मराठी अक्षरांच्या जागी नुसते रिकामे चौकोन आले, ओळीनं. फाँट टाकायचाच मी विसरलो होतो.

गुरुजींनी चष्मा सावरून नीट पाहिलं, धानाच्या शेतातले बांध घातलेले चौकोन पाहावेत तसं. "बांध्या चांगल्या पडल्या," ते म्हणाले. "आता रोवणी कधी?"

* * *

फाँट टाकून मशीन त्यांच्या गावी गेलं, आणि आठवडाभरात कार्ड खराब होऊन परत आलं. दुसरंही तसंच. मशीन चालू असताना लाईट गेली की कार्डावरच्या फाईली बिघडायच्या.

"गुरुजी, आधी मशीन बंद करत जा," मेश्रामनं सांगितलं.

"बापू, लाईट मले विचारून जाते का?"

मग मी माझ्या मते मोठी हुशारी केली. कार्डावर काहीच लिहिलं जाणार नाही अशी इमेज बनवली. चालू असताना केलेलं सगळं तात्पुरतं, बंद झालं की साफ. वीस वेळा वायर उपटून पाहिली. दरवेळी मशीन नव्यासारखं उठलं.

मेश्राम बाजूलाच होता. "अन् गाणी कुठं सेव्ह होतील?"

"पेन ड्राईव्हवर. सांगतो मी गुरुजींना."

गुरुजी आले, मशीन पिशवीत घातलं, तेवढ्यात त्यांची बस लागली. पेन ड्राईव्ह माझ्या टेबलावरच राहिला. उद्या फोन करून सांगू म्हटलं. तो उद्या आला नाही.

* * *

दोनेक महिन्यांनी गुरुजी नातवाच्या दाखल्यासाठी आमगावला आले होते. क्लासवर डोकावले. आमच्याकडे परीक्षा चालू होती.

"बापू, हे मशीन सकाळी विसरते का?"

मी मान वर न करता म्हटलं, "मशीन कसं विसरेल गुरुजी? तुमचं बटन चुकत असेल."

"असंल," ते म्हणाले, आणि दारातली चप्पल घालून गेले.

* * *

द्रौपदाबाई थंडीत गेल्या. निरोप मिळाल्यावर मी आणि मेश्राम गावी गेलो. मशीन खिडकीत होतं, वर स्वच्छ फडकं टाकलेलं.

गुरुजी सांगत होते. "रोज दुपारी गाये. दुसऱ्या दिवशी पाहावं त काहीच नाही. मग ती पुन्हा गाये, अन् मले शिव्या दे. म्हणे, इतके वर्षं पोरं शिकवले, अन् तुले एक बटन दाबता येत नाही. शेवटी शेवटी आवाज निघत नव्हता, तरी शिव्या होत्याच."

मेश्राम माझ्याकडे बघत होता. मग मी सांगितलं. इमेज, पेन ड्राईव्ह, त्या दिवशीची बस, सगळं. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

गुरुजी रागावले नाहीत. गुडघ्यावर हात टेकून उठले आणि बहिणीच्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले.

"बाई वो," ते म्हणाले, "बटन मी बराबरच दाबत होतो."