सहा हॅश

"गो, ढोलवाल्यांचा नाव आमच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात कित्याक घातलंस?"

देवळाच्या सभामंडपात भिंतीवर पडदा लावला होता. माझ्या लॅपटॉपमधलं पान त्यावर दिसत होतं. आमच्या ग्रामदेवीच्या देवळाची वेबसाइट. विचारणारे आबा, देवस्थान कमिटीचे अध्यक्ष. मानकरी घरांतली माणसं खुर्च्यांवर बसलेली. मी लॅपटॉपपाशी उभी. मला खुर्ची नव्हती. ते तेव्हा खटकलंही नाही.

मी कुडाळला एका छोट्या ऑफिसात वेबसाइटची पानं लिहिते. साधा मजकूर टाइप करायचा आणि मधे ठरलेल्या खुणा द्यायच्या, एवढंच ते तंत्र. ओळीच्या सुरुवातीला हॅश, म्हणजे # ही खूण, दिली की ती ओळ मथळा होते. एक हॅश म्हणजे पानाचं नाव. दोन हॅश म्हणजे त्यातले भाग. जत्रेच्या मानाचं पान मी असंच लिहिलं होतं. पालखीचा मान, दोन हॅश. तरंगकाठ्यांचा, म्हणजे देवांच्या सजवलेल्या उंच खांबांचा मान, दोन हॅश. ढोलाचा मान, दोन हॅश.

ढोलाचा मान आमच्या वाडीचा. वाडीचं नाव घेतलं की गावात जात कळते, वेगळी सांगावी लागत नाही. जत्रेत ढोलावर काठी पडल्याशिवाय पालखी उचलत नाहीत. तो ढोल माझा बापूस वाजवतो. देवळाच्या पायरीखाली उभा राहून.

मी म्हटलं, "आबा, मानाचं पान आहे. सगळ्या मानांना सारखंच दिलंय."

"सारखा कसा? पायरेखालचो मान तो. पानार पण खालीच ऱ्हवांदे."

आबांचा पुतण्या मुंबईहून आला होता. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "काका, हॅश वाढवले की अक्षर लहान होतं. सहापर्यंत जातं."

"मगे सा घाल," आबा म्हणाले.

मागून कोणीतरी म्हणालं, "सात घालूक येवचे नाय?" सगळे हसले.

मी घातले. पडद्यावर ढोलाचा मान आक्रसला. खालच्या मजकुरापेक्षाही बारीक झाला. पानाच्या कडेला अनुक्रमणिका आपोआप तयार होते, ती फक्त मोठे मथळे घेते. तिच्यातून आम्ही गेलोच.

का घातले? कॉलेजच्या वसतिगृहात मला जागा मिळत नव्हती तेव्हा आबांनी शब्द टाकला होता. आमच्या वाडीतली मी पहिली पदवीधर. आबा भेटले की मी वाकून नमस्कार करायचे. तो खोटा नव्हता, आजही उपकार मानते. पण त्या दिवशी माझी बोटं मला न विचारता हलली.

पान अजून चालू झालं नव्हतं, पण कच्चं पान माझ्या फोनवर होतं. घरी बापसाने तो फोन मागितला. शेजारचे काकाही बघायला आले होते. चष्मा पुसून बापूस अनुक्रमणिकेवर बोट फिरवत राहिला. पालखी. तरंगकाठ्या. नैवेद्य.

"आमचा खंय आसा? माका दिसना नाय."

मी पान खाली सरकवून दाखवलं. त्याने फोन नाकाजवळ धरला. अक्षर अक्षर लावून वाचलं. मग काकांना म्हणाला, "बारीक आसा, पण आसा."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. समाधान होतं. ते समाधान मला सोसलं नाही. तो आयुष्यभर पायरीखाली उभा राहिला, ती पायरी त्याने बांधली नव्हती. ही मात्र मी बांधली होती. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शिक्षणाने.

पान चालू करायच्या दिवशी कमिटी पुन्हा बसली. मी आधीच दोन हॅश परत घातले होते. आबांनी पडद्याकडे बघितलं.

"ह्या काय?"

"दोनच राहतील. नाहीतर हे पान मी लावणार नाही."

"तुका हॉस्टेलात कोणी घातल्यान? विसारलंस?"

"नाही विसरले. तुम्ही घातलंत. पण त्यासाठी मी माझ्या बापसाला लहान करणार नाही."

कोणी हसलं नाही.

"तू नाय लावलंस तर दुसरो लावतलो," आबा म्हणाले.

"लावू दे. माझ्या हातून नाही."

मी लॅपटॉप मिटला आणि मंडपातून बाहेर आले.

पान पुतण्याने लावलं. त्यात ढोल नाही. सहा हॅशचाही नाही. बापसाने ते उघडलं, वरपासून खालपर्यंत बघितलं, फोन माझ्या हातात दिला.

"बारीक होता, ता पण घालवलंस."

नंतर तो माझ्याशी बोलेना. जत्रेला नेहमीसारखा गेला. पायरीखाली उभा राहिला. त्याच्या ढोलावर पालखी उठली. मी त्याला अडवलं नाही. त्याचा देव आहे, त्याचा ढोल आहे.

आता मी वाडीचं वेगळं पान लिहिते आहे. चामडं कसं तापवतात, पालखी उठताना कुठला ठेका, परतताना कुठला. शेजारचे काका सांगतात, मी टाइप करते. बापूस ओटीवर बसून ऐकतो, काका चुकले तरी तोंड उघडत नाही. हे पान मी कुठल्याही कमिटीपुढे मंजुरीला नेणार नाही.

बापसाचा राग खरा आहे. मी त्याची समजूत घालत नाही, घालता येणारही नाही. पण वाडीतल्या ह्या माणसांना बारीक कर, असं पुन्हा कोणी सांगितलं तर मी करणार नाही. आबांनी सांगितलं तरी नाही. बापसाने सांगितलं तरी नाही.