खिडकीकडची कूस

चार नंबरच्या खोलीतले मास्तर सोमवारी सकाळी गेले, चहा अर्धा टाकून. मंगळवारी दुपारी त्याच पलंगावर नवे आजोबा आले. चादर बदलली, उशी बदलली, दारावरची पाटी बदलली. बदलायची राहिली ती फक्त मावशी.

मावशी म्हणजे त्या वृद्धाश्रमात पडून असलेल्यांचं सगळं करणारी बाई. तीन वर्षं तिनं मास्तरांना भरवलं, पुसलं, दर दोन तासांनी कूस बदलून दिली. मास्तर एक नंबरचे खवट. "हात आहेत की खवणी?" असं तिला म्हणायचे, आणि दुसरं कुणी आलं की डोळे मिटून घ्यायचे. ते गेल्यावर घरची माणसं रडली. मावशीला बादली घेऊन पुढच्या खोलीत जायचं होतं.

नवे आजोबा जन्मभर ट्रक चालवलेले. आठवड्यापूर्वी डाव्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. सिस्टरनं उशाशी लाल अक्षरांतला कागद लावला होता, डाव्या कुशीवर वळवू नये. मावशीनं तो वाचला, मानसुद्धा डोलावली.

दोन वाजले. तिनं एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, आणि आजोबांना खिडकीकडे वळवलं. खिडकी डावीकडे. मास्तरांना तीच कूस लागायची, रस्त्यावरच्या सायकली मोजायला.

आजोबा कळवळले. मावशीनं त्यांना हळूच परत उताणं केलं.

"काय झालं?" बाहेर बसलेली आजोबांची सूनबाई आत आली.

आजोबा आपणच वळले, एवढं म्हटलं की नोकरी शाबूत. पण खुबा निखळला असला, आणि उशीर झाला, तर?

"मी वळवलं, डावीकडे," मावशी म्हणाली. "आधी सिस्टरला बोलवा. पाय बघू दे."

"डोळे आहेत की नाहीत तुम्हाला?" म्हणत सूनबाई धावली.

सिस्टरनं दोन्ही पाय जोडून ताडून बघितले, बोटं हलवायला लावली. मग डॉक्टर आले, एक्स-रेला नेलं. मावशी रिकाम्या पलंगापाशी तासभर उभी. बसायचं तिला सुचलंच नाही.

"इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही, मावशी," सिस्टर म्हणाली.

"डोकं इथंच होतं हो. हात मास्तरांकडे होते."

सकाळी रिकाम्या खोलीचं दार ढकलताना सिस्टरच्याही तोंडात मास्तरांचीच हाक आली होती.

खुबा जागेवर होता. आजोबा परत आले तसं सूनबाईनं बजावलं, "ही बाई उद्यापासून इथे नको."

"हे मास्तर कोण?" आजोबांनी विचारलं. स्ट्रेचर दाराशी येताना मावशीचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतं.

मावशीनं सांगितलं. खवणीचं सांगितलं, सायकलींचंही.

"म्हणजे हिचे हात खिडकीकडे जातात. मग पलंग फिरवा की. उशाकडचं पायथ्याला आणा, खिडकी उजवीकडे येईल."

"बाबा, तिनं तुम्हाला दुखवलं."

"दुखवलं, आणि लगेच सांगितलं. माझ्या क्लिनरनं बावीस वर्षांत एक चूक कबूल केली नाही."

पलंग फिरला. सिस्टरनं कागदही या टोकाला लावला. चार वाजता मावशीनं तो मोठ्यानं वाचला, दोन पायांमध्ये उशी ठेवली, आणि आजोबांना उजवीकडे वळवलं. या वेळी ते कळवळले नाहीत. बाहेर बघत राहिले.

"तीन," थोड्या वेळानं ते म्हणाले. "ती लाल धरली तर चार."

मावशीचा हात अजून त्यांच्या पाठीवरच होता. तिला काही दिसेना.

"मावशी, वरून गळतंय," आजोबा मान न वळवता म्हणाले. "चालू द्या. मी मोजतोय."