माझ्यापुरती पांढरी भाकर

बहात्तरच्या दुष्काळात मला पाचवा महिना लागला, तेव्हा आमच्या घरात दोन प्रकारच्या भाकरी होऊ लागल्या. घरातल्या सगळ्यांसाठी रेशनच्या लाल ज्वारीच्या, आणि माझ्यापुरती पांढरी.

लाल ज्वारीला सगळे मिलो म्हणत. परदेशातून बोटीनं आलेली ती ज्वारी. तिची भाकर थापताना कडा फाटत, गार झाली की चामड्यासारखी ताणून तोडावी लागे. जाफराबादपासून चार कोसांवरच्या माझ्या सासरच्या गावात त्या साली खरीप हाती लागला नव्हता आणि रब्बी पेरलीच गेली नव्हती. मिलो नसती तर लोकांनी काय खाल्लं असतं, मला माहीत नाही. तरी बायका तिला नावं ठेवत. पाझर तलावाच्या कामावर दगड वाहणाऱ्या एका बाईचं पोट चौथ्या महिन्यात पडलं. दगडांबद्दल कुणी बोललं नाही. लाल भाकरीनं केलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

ते ऐकून माझ्या सासूनं त्याच दिवशी माझं ताट वेगळं केलं. सासूला मी मामी म्हणत असे. मामींची दोन मुलं पोटातच गेली होती, त्यानंतर माझे पती झाले. त्यामुळे पोटुशीनं काय खावं आणि काय खाऊ नये याची मोठी यादी त्यांच्या तोंडी होती. पपई नाही, तीळ नाही, गूळ नाही, वांगं नाही. यातलं बरंचसं त्या वर्षी डोळ्यांनाही दिसत नव्हतं, त्यामुळे पाळायला जड गेलं नाही. शेवटी मिलोची भर पडली.

"तुमच्या बुकात काय लिव्हलंय ते तुमच्यापाशी ठेवा, बीएबाई," त्या मला म्हणाल्या. "लाल भाकर तू बिलकुल खायची न्हाई. मी करते तुझं येगळं."

मी जालन्याच्या कॉलेजातून बी. ए. झाले होते. माझ्या माहेरी माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. वडील जिनिंगमध्ये सरकीची पोती वाहत, आणि कुणी विचारलं की पोरीला एवढं शिकवून काय करणार, तर म्हणत, "तिला वाचता तर येईल." एवढ्याच उत्तरावर त्यांनी मला पंधरा वर्षं शाळा-कॉलेजात पाठवलं. त्यांचे आणि माझ्या शिक्षकांचे उपकार मी आजही विसरलेले नाही. म्हणूनच पुढचं सांगताना मला लाज वाटते.

मामींनी बंदी घातली त्याच आठवड्यात पतींबरोबर मी जाफराबादच्या दवाखान्यात जाऊन आले होते. तिथल्या नर्सबाईंना मी मिलोचं विचारलं. त्या म्हणाल्या, "खा की. पोटभर खा. मिलोनं काही होत नाही, उपाशी राहिल्यानं होतं." घरी आल्यावर हे मी मामींना सांगायला हवं होतं. पण चुलीजवळ पांढरी, मऊ, पदर सुटलेली भाकर माझी वाट पाहत होती. मी बोलले नाही. पती भोकरदनकडे शाळेत मास्तर होते, ते शनिवारी येत आणि रविवारी जात. त्यांनीही विषय काढला नाही.

मग मी रोज दोन्ही वेळा ती भाकर खाल्ली. समोर मामी आणि मामंजी लाल भाकर पाण्यात बुडवून चघळत. ही पांढरी ज्वारी येते कुठून, हे मी एकदाही विचारलं नाही. मामी काटकसरी होत्या, कुठल्या कणगीत जुनं धान्य ठेवलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

आठेक दिवसांनी मोरीजवळ एक कोंबडी विचित्र चालताना दिसली. मान एका बाजूला वाकडी करून ती गोल गोल फिरत होती. आपल्याच भोवती फिरायची, पडायची, उठून परत फिरायची. मोरीच्या कडेचा दगड गुलाबीसर झाला होता. कुणी कुंकू सांडलं असेल, असं मला वाटलं. संध्याकाळी कोंबडी मेली. दुसऱ्या आठवड्यात आणखी दोन तशाच गेल्या.

"मर आली," मामंजी म्हणाले. "दुष्काळात येतीच."

मामींनी त्या कोंबड्या शिजवू दिल्या नाहीत. रोगाचं नको म्हणून लांब नेऊन पुरायला लावल्या. तेवढं तरी बरं झालं.

सातव्या महिन्यात माझ्या बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या. सुई धरली तरी धरल्यासारखी वाटेना. ओठांभोवतीही तसंच, थंडीत बधिर व्हावं तसं. तोंडाला पितळी भांडं चाटल्यासारखी चव. मामी म्हणाल्या, "पोटुशीला असं होतंच. माझे तर पाय सुजून खांबासारखे झाल्ते." मला पटलं. पहिलटकरीण होते मी, काय होतं आणि काय होत नाही हे मला कसं कळणार?

तो सोमवार होता, एवढं आठवतं, कारण पती नुकतेच परत गेले होते. मामी अंगणात बाळासाठी गोधडी शिवत बसल्या होत्या. वरून त्यांच्या जुन्या लुगड्याचा तुकडा होता आणि आतून जाड मांजरपाटाचं अस्तर. मी शेजारी बसून टोक धरलं. अस्तर उलटलं तेव्हा कापडावर छापलेली पुसट अक्षरं दिसली. इंग्रजी होती. वर एक चित्रही होतं, धुऊन धुऊन फिकट झालेलं.

मी अक्षरं लावत वाचली. फक्त पेरणीसाठी. बियाण्याला विष लावलेले आहे. माणसांनी अगर जनावरांनी खाऊ नये.

चित्र कवटीचं होतं.

"मामी, ही पिशवी कशाची?"

"बियाची. त्या हायब्रेटची. पाऊसच पडला न्हाई, पेरायची राहून गेल्ती."

"मग बी कुठं आहे?"

मामी हसल्या. दातानं दोरा तोडत म्हणाल्या, "कुठं म्हंजे? तुझ्या पोटात! दोन महिने काय खाऊन राह्यली मंग तू?"

माझ्या हातातून कापड सुटलं. सुटल्याचं बोटांना कळलंही नाही.

"त्याला औषध लावलेलं होतं, मामी."

"होतं की. गुलाबी गुलाबी पूड होती. तीन-तीन पाण्यानं धुतलं मी, खाटंवर वाळवलं, मंग दळलं. बियाला राख लावतो आपण, ते धुऊन खात न्हाई का? तसंच." मग माझा चेहरा पाहून त्या थांबल्या. "काय लिव्हलंय गं त्याच्यावर?"

मी वाचून दाखवलं. एकेक शब्द मराठीत सांगितला. त्यांनी कवटीवर बोट ठेवलं. "हे मला फूल वाटलं," त्या म्हणाल्या.

पिशवी घरात मामंजींनी आणली होती, तालुक्याहून, डोक्यावर. मामंजींना अक्षरओळख नव्हती. पिशवी मामींनी रिकामी केली, धुतली, घडी करून ठेवली. पती सोडले तर त्या घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटी होते, आणि त्या पिशवीतलं धान्य खाणारीही मी एकटीच.

त्याच दुपारी आम्ही दोघी एस. टी. नं जाफराबादला गेलो. मामींनी कापड पदराखाली धरलं होतं. डॉक्टरांनी ते वाचलं, माझी बोटं टाचणीनं टोचून पाहिली, आणि विचारलं, "किती खाल्लं?"

मामींनी दोन्ही हात पसरून टोपलीचा आकार दाखवला. "भरपूर दिली," त्या म्हणाल्या. "मी सवताच्या हातानं दिली, सायब."

डॉक्टरांनी कापड घडी करून बाजूला ठेवलं. मग मला म्हणाले, "मूल हलतं का?"

"हलतं."

"आजपासून बंद. उरलेलं धान्य खोल पुरा. तुमच्या बोटांचं हळूहळू सुधारेल. मुलाचं..." ते थांबले. "जन्मल्यावर बघू. लगेच कळेलच असं नाही."

उरलेलं बी मामंजींनी पडीक रानात कमरेएवढा खड्डा करून पुरलं. घरी त्या रात्री मामींनी माझ्यासाठी मिलोची भाकर केली. ताट समोर ठेवलं आणि हात मागे घेतला नाही.

"हे चालंल का, पोरी?"

तोवर मला त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं, सांगितलंच होतं. त्या दिवसापासून त्या प्रत्येक घासाआधी विचारू लागल्या. आडाचं पाणी चालंल का? कामावर वाटलेली सुकडी चालंल का? शेजारणीनं दिलेलं ताक? मी हो म्हणत असे. बी. ए. ला माझे विषय मराठी आणि इतिहास होते. यातलं मला काही माहीत नव्हतं, हे त्यांना सांगायचा धीर झाला नाही. हो म्हणायचे आणि पोटावर हात ठेवून वाट पाहायचे. हललं की पुढचा घास.

उन्हाळ्यात मुलगी झाली. रडली. सुईण म्हणाली, चांगली आहे. बाराव्या दिवशी मामींनी तिच्या कानामागे पितळी ताटली वाजवली. ती दचकली. महिन्या-दोन महिन्यांनी त्या तिच्या डोळ्यांपुढून दिवा फिरवू लागल्या, आणि डोळे दिव्यामागे जातात का हे त्या पाहत असताना मी आत जाऊन उभी राही. मान धरायला तिला उशीर झाला. बसायलाही उशीर झाला. शेजारच्या बायका म्हणत, "दुष्काळाचं लेकरू, अशक्त असणारच." आम्ही दोघी मान हलवत असू.

माझी बोटं तोवर बरी झाली होती. सुई नीट धरता येत होती. त्याबद्दलही मला अपराधी वाटे.

दीड वर्षाची झाली तरी ती चालत नव्हती. एका सकाळी मामी जात्यावर बसल्या होत्या, त्या वर्षीची आमच्याच रानातली ज्वारी दळत होत्या. मुलगी उंबरठ्याला धरून उभी राहिली, उंबरठा सोडला आणि दोन पावलं टाकली. मग थांबली. मान एका बाजूला वाकडी केली आणि स्वतःभोवती फिरली. एकदा. परत एकदा.

जातं थांबलं. मामींनी माझ्याकडे पाहिलं नाही, मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. दोघींच्याही डोळ्यांपुढे मोरीजवळची ती कोंबडी होती, हे सांगायची गरज नव्हती.

मुलगी हसली. चक्कर येऊन खाली बसली, हात टेकून उठली, आणि सरळ मामींकडे चालत आली. जात्याच्या कडेचं मूठभर पीठ उचलून तिनं तोंडाकडे नेलं.

मामींनी तिचा हात मधेच धरला. पिठानं भरलेली मूठ तशीच धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"खाऊ दे का?"